‘हिला झालंय तरी काय?’ : समांतर सिनेमातल्या अस्वस्थ बायका पाहायला शिकताना

रविवारी दुपारी चारपाच जणी जमतात, सिनेमा सुरू होतो आणि अर्ध्या तासाच्या आत कुणीतरी हमखास विचारतं, "हिला झालंय तरी काय?" नवरा मारत नाही, घरात खायला-प्यायला आहे, पोरं गोड आहेत. मग ही बाई खिडकीशी एवढा वेळ काय उभी राहते?

प्रश्न रास्त आहे, त्याला हसू नका. सोलापुरात विजापूर रोडवरच्या आमच्या हॉलमध्ये अशा बैठकी चालवताना मला हाच प्रश्न सगळ्यात उपयोगी वाटत आला आहे. फक्त त्याचं उत्तर बाईच्या डोक्यात शोधायला गेलं की सिनेमा हातातून निसटतो. हे सिनेमे बहुतेकदा तिच्या आजाराबद्दल नसतात. तिच्याभोवती एक व्यवस्था असते: कोण कमावतं, कोण उठून पाणी देतं, कोण कुणाकडे बघत नाही. कॅमेरा ती व्यवस्था दाखवत असतो. ती पाहायची सवय कशी लावायची, त्यासाठी हा लेख. ‘आर्ट फिल्म आपल्याला झेपत नाही’ म्हणून मध्येच उठणाऱ्यांसाठी तर खासच.

१. आधी सामान जमवा

फार काही लागत नाही.

- लॅपटॉप किंवा टीव्ही. प्रोजेक्टर असला तर उत्तम.
- एचडीएमआय केबल. ती ऐनवेळी शेजाऱ्याकडे मागायची नसते.
- वेगळा स्पीकर. लॅपटॉपचा आवाज या सिनेमांना पुरत नाही, कारण पाचव्या पायरीत सांगते.
- पडदा. सोलापुरात राहून चादर शोधायला लांब जावं लागत नाही, पण मोर आणि फुलं विणलेली नको. पांढरी, सुरकुती नसलेली घ्या.
- अधिकृत प्रत: डीव्हीडी किंवा प्लॅटफॉर्मचं सदस्यत्व. सबटायटल कोणत्या भाषेत आहेत, अक्षरं लांबून वाचता येतात का, हे आदल्या दिवशी तपासा.
- वही-पेन. का, ते पुढे.
- एप्रिल-मेमध्ये बैठक संध्याकाळी सातनंतर. दुपारच्या उन्हात बंद खोलीत तीन तास बसवलं तर पडद्यावरच्या बाईपेक्षा पाहणाऱ्याच जास्त अस्वस्थ होतात.

२. पहिला सिनेमा आपल्या भाषेतला घ्या

नवे लोक थेट स्वीडनचे दिग्दर्शक बर्गमन यांच्यापासून सुरुवात करतात आणि कंटाळतात. तुम्ही ‘उंबरठा’पासून करा. १९८२चा सिनेमा, दिग्दर्शक जब्बार पटेल, म्हणजे पंढरपुरात जन्मलेले आणि सोलापुरात शाळा शिकलेले. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. स्मिता पाटील यांची सुलभा घर सोडून महिलांच्या सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते, लहान मुलीला सासरी ठेवून.

याच सिनेमापासून सुरुवात का? कारण इथे खलनायक नाही. गिरीश कर्नाडांनी केलेला नवरा शिकलेला आहे, वकील आहे, ओरडत नाही. सासू समाजकार्यात आहे. जाऊ मुलीला जीव लावते. सगळे आपापल्या परीने बरे आहेत, आणि तरी या घरात सुलभाच्या कामाला जागा नाही. बैठकीत इथे दोन तट पडतात. एक म्हणतो, लेकराला सोडून गेलीच कशी. दुसरा म्हणतो, नवरा वर्षभर परगावी नोकरीला गेला असता तर हा प्रश्न कुणी विचारला असता का? भांडू द्या. दोन्ही तट सिनेमातच आहेत, दिग्दर्शकाने कुठल्याच बाजूचा निकाल लावलेला नाही.

सुधारगृहातल्या बायकांकडेही नीट पाहा. तिथे एकमेकींत गुंतलेल्या दोघी आहेत. स्वतःचं घर मागे टाकून आलेली सुलभा त्यांच्या नात्याकडे कशी बघते, हे मला या सिनेमातलं सगळ्यात अवघड ठिकाण वाटतं. ‘सुन्या सुन्या मैफलीत माझ्या’ सगळ्यांना पाठ असतं. हा प्रसंग मात्र कुणाला आठवत नाही.

त्यानंतर ‘भूमिका’ (१९७७). श्याम बेनेगल, पुन्हा स्मिता पाटील, आणि आधार हंसा वाडकरांच्या आत्मकथनाचा. एक नटी, तिच्या आयुष्यात एकामागून एक पुरुष, आणि प्रत्येक घरात तिच्या वाट्याला येणारी थोडीशीच वेगळी कोंडी. वर्तमान रंगीत, बरंचसं गतकाळातलं कृष्णधवल. पहिल्यांदा पाहताना याने गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगून ठेवा.

३. आजाराचं नाव शोधू नका, घर पाहा

हल्ली प्रत्येकाला डिप्रेशन, बायपोलर, ट्रॉमा हे शब्द माहीत असतात. सिनेमा सुरू झाला की निदान करायचा मोह होतो आणि निदान झालं की पाहणं थांबतं.

जॉन कॅसाव्हेटिस यांचा ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स’ (१९७४) या सवयीवर चांगला उतारा आहे. मेबल (जीना रोलंड्स) ही निक नावाच्या मजूर-मुकादमाची बायको. निक रात्रपाळी संपवून सकाळी सगळे कामगार घेऊन घरी येतो, ती सगळ्यांना स्पॅगेटी करून वाढते. माया आहे, हशा आहे, पण ती प्रत्येकाशी जरा जास्तच प्रेमाने वागते आणि टेबलावरचे चेहरे हळूहळू आवळत जातात. पुढे तिला सहा महिने इस्पितळात ठेवतात. आता निककडे पाहा. तो आरडाओरडा करतो, हात उगारतो, बायको घरी येणार त्या दिवशी अख्खा गोतावळा बोलावतो आणि मग त्यांना परत पाठवतो. ती नसताना लेकरांना फिरायला नेऊन बिअर पाजतो. त्याला कुणी इस्पितळात नेत नाही. आमच्याकडे एक मावशी पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, तिला बोलू तर द्या की कुणीतरी!" त्या दुपारी यापेक्षा चांगली समीक्षा झाली नाही.

ऋत्विक घटक यांच्या ‘मेघे ढाका तारा’त (१९६०) तर आजाराला नाव आहे: क्षय. तरीही तो सिनेमा क्षयाचा नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेलं कुटुंब, आणि घर चालवणारी थोरली नीता. भाऊ गाणं शिकतोय, धाकट्या बहिणीला साड्या हव्यात. नीताचं लग्न झालं तर पगार बंद होईल ही भीती आईच्या मनात आहे, आणि आई दुष्ट नाही, ती फक्त महिन्याचा हिशोब करते. सुरुवातीला रस्त्यात नीताच्या चपलेचा अंगठा तुटतो आणि ती तशीच फरफटत पुढे जाते. ही चप्पल लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

पाहताना वहीत तीनच गोष्टी टिपा: या घरात पैसा कुठून येतो, तो कुणाच्या हातात जातो, आणि बाईला दार लावून बसायला खोली आहे का. तेवढ्यावर तासभर बोलता येतं.

४. चेहऱ्याइतकेच हात पाहा

हिंदी-मराठी मालिकांनी आपल्याला चेहरा वाचायला शिकवलं: भुवई उडाली, संगीत वाजलं, कळलं. या सिनेमांत बऱ्याचदा चेहरा कोरा असतो. मग हातांकडे जायचं.

बेल्जियमच्या शांताल अकरमन यांनी पंचविशीत केलेला ‘झां दिएलमन’ (१९७५) हा हातांचा सिनेमा आहे. २०१ मिनिटं, तीन दिवस, ब्रसेल्समधली एक विधवा आणि तिचा शाळकरी मुलगा. ती बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण घालते. दुपारी एक गिऱ्हाईक येतं, देहविक्रीचे ते पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या भांड्यात टाकून झाकण लावते. कॅमेरा हलत नाही, जवळही जात नाही. दुसऱ्या दिवशी ते झाकण उघडं राहतं. बटाटे जास्त शिजतात. बस्स, एवढंच.

जिने आयुष्यभर बिड्या वळल्या अशा एका बाईला आम्ही हा सिनेमा दाखवला तेव्हा ती कंटाळेल अशी बाकीच्यांना काळजी होती. तिने उघडं झाकण सगळ्यांच्या आधी पाहिलं. "हिचा हात चुकायला लागला," म्हणाली. आमच्या शहरात अशा हजारो बायका आहेत. कुंभारीजवळ बिडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली ती त्यामुळेच. दिवसभर त्याच हालचालीची मोजदाद ठेवणाऱ्या बाईला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. २०२२ साली ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षक-पाहणीत तो सर्वश्रेष्ठ ठरला, पण ही माहिती सिनेमा संपल्यावर सांगा. आधी सांगितली की लोक परीक्षेला बसल्यासारखे बसतात.

तीन तास जड वाटत असतील तर आधी मल्याळममधला ‘द ग्रेट इंडियन किचन’ (२०२१) घ्या. ओट्याखालचा गळका पाईप आणि प्लंबरला सांगायला सतत विसरणारा नवरा, यातून अख्खं लग्न कळतं.

सत्यजित रे यांची ‘चारुलता’ (१९६४) याच पायरीवर, पण जरा मऊ हाताने. एकोणिसाव्या शतकातलं कोलकाता, श्रीमंत घर, नवरा भूपती वर्तमानपत्रात बुडालेला. चारू झडपांच्या फटीतून दुर्बिणीने रस्त्यावरची माणसं पाहते. मग भूपती पुस्तक वाचत तिच्या समोरून निघून जातो, त्याला ती दिसतच नाही. तिने दुर्बीण उचलून पाठमोऱ्या नवऱ्याला पाहणं, या एका हालचालीत नात्यातलं अंतर मोजून होतं. पुढे दीर अमल येतो, झोपाळा येतो, लेखन येतं. पण सगळं त्या दुर्बिणीत आधीच सांगून झालेलं आहे. शेवटही हातांवरच आहे, मी फोडत नाही.

५. आवाज बंद करून पाहू नका

‘मेघे ढाका तारा’तली नीता प्रियकर सनतच्या घरून खाली उतरते तेव्हा घटक चाबकाचा फटकारा ऐकवतात. जिन्यावर चाबूक नसतो, हे कळायला वेगळा स्पीकर लागतो. किएस्लोव्स्की यांच्या ‘ब्लू’मध्ये (१९९३) नवरा आणि मुलगी अपघातात गमावलेल्या ज्यूलीवर संगीत असं आदळतं की मध्येच पडदा काळा होतो. अँटोनियोनी यांनी ‘रेड डेझर्ट’मध्ये (१९६४) बाईची घालमेल रंगांत ओतली, त्यासाठी खरोखरीच्या जागा रंगवून घेतल्या. तिथे संवाद कमी कळले तरी चालतील.

बर्गमनचा ‘पर्सोना’ (१९६६) इथे येतो: बोलणंच सोडलेली नटी आणि तिच्यापुढे बोलतच सुटलेली नर्स. सुंदर आहे, पण पहिल्या पाचांत नको.

६. नातं म्हणजे फक्त नवरा-बायको नाही

‘अर्थ’ (१९८२) पाहताना सगळ्यांचं लक्ष नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाकडे असतं. मला त्यातल्या बायका-बायकांचे प्रसंग जास्त मोलाचे वाटतात: सोडून दिलेली पूजा (शबाना आझमी), नवऱ्याची प्रेयसी कविता (स्मिता पाटील) आणि मोलकरीण (रोहिणी हट्टंगडी). तिघींचं दुःख एकाच दाराशी येऊन उभं राहतं. कविताला केवळ घर फोडणारी बाई म्हणून मोडीत काढणं दिग्दर्शक महेश भट्ट यांनी टाळलं आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’त (१९९५) बहिणींचं नातं आहे, तेही गावाने वाळीत टाकलेलं. मायलेकींसाठी हानेकेचा ‘द पियानो टीचर’ (२००१), पण तो फक्त प्रौढांसाठी आणि मन घट्ट करून.

७. सोलापूरच्या भाषा वापरा

या बाबतीत आपण पुण्या-मुंबईच्या पुढे आहोत. तुमच्या बैठकीत कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या बायका असतीलच, त्यांना सबटायटलची गरज नाही. गिरीश कासरवळ्ळी यांचा ‘घटश्राद्ध’ (१९७७) घ्या: कर्मठ ब्राह्मण घरातली तरुण विधवा, तिला राहिलेला गर्भ, आणि जिवंतपणीच तिचं घातलेलं श्राद्ध. हे सगळं वेदपाठशाळेतल्या एका लहान पोराच्या नजरेतून. त्याला अर्धंच कळतं, म्हणून आपल्याला जास्त लागतं.

तेलुगूत बी. नरसिंग राव यांचा ‘दासी’ (१९८८). निजामाच्या काळातल्या तेलंगणातली गढी, आणि धन्याची मालमत्ता असलेली मोलकरीण. अर्चना यांना यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शहराच्या पूर्व भागातल्या ज्यांच्या आज्या तेलंगणातून आल्या त्यांनी गढीतले शब्द आम्हाला थांबवून थांबवून समजावले. अशा वेळी सिनेमा थांबवायला हरकत नाही. एरवी मात्र थांबवू नका.

८. सापळे

पहिला आणि मोठा: बाईचं सोसणं म्हणजेच सिनेमाची थोरवी, असं मानणं. ‘माहेरची साडी’ पाहून रडलेल्यांना आपण नाक मुरडतो आणि लार्स फॉन ट्रायर यांचा ‘ब्रेकिंग द वेव्हज’ (१९९६) पाहून दबक्या आवाजात बोलतो. मला यांत मानतो तेवढं अंतर दिसत नाही. दोन्हीकडे सोसणाऱ्या बाईला देवत्व मिळतं. एकीकडे कॅमेरा हातात धरलेला आहे, एवढाच फरक. हे माझं मत, बैठकीत यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागतं.

दुसरा: दिग्दर्शक मोठा म्हणजे सेटवर सगळं आलबेल होतं असं धरणं. ‘लास्ट टँगो इन पॅरिस’मधल्या (१९७२) बलात्काराच्या दृश्यात काय घडणार हे कोवळ्या वयाच्या मारिया श्नायडर यांना पूर्ण सांगितलेलं नव्हतं. दिग्दर्शक बर्तोलुची यांनी ते पुढे स्वतः कबूल केलं. पडद्यावरची वेदना अभिनय आहे की नाही, हा प्रश्न विचारणं प्रेक्षकाचं काम आहे. म्हणूनच बार्बरा लोडेन यांचा ‘वांडा’ (१९७०) दाखवा. लेखन, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका तिन्हींतही त्याच आहेत. घर आणि मुलं सोडून भरकटणारी बाई, जिच्याबद्दल आपल्याला कळवळा यावा म्हणून सिनेमा काहीही करत नाही.

तिसरा: दीडपट वेगाने पाहणं. ‘झां दिएलमन’ दीडपट वेगाने पाहिला तर उरतं काय?

चौथा: कथा आधी वाचून येणं. विषय माहीत असावा, शेवट नसावा.

९. गप्पा कशा चालवायच्या

दिवे लावल्यावर दहा मिनिटं कुणी काही बोलू नये, चहा घ्यावा. मग ‘आवडला का’ असं न विचारता ‘कुठलं दृश्य डोळ्यांपुढे आहे’ असं विचारा. प्रत्येकीने एकच दृश्य सांगायचं. मत त्यातून आपोआप निघतं.

कुणीतरी स्वतःच्या घरचं बोलायला लागेल. बोलू द्या, पण उपाय सुचवायची घाई करू नका आणि ते बोलणं त्या खोलीबाहेर नेऊ नका. कुणाची अवस्था खरंच बिकट वाटली तर दोन क्रमांक भिंतीवर लावून ठेवा: मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आणि महिला हेल्पलाइन १८१. दोन्हींना पैसे पडत नाहीत. त्या दिवसानंतरची बैठक ‘कासव’ची (२०१६) ठेवावी. इरावती हर्षे यांची जानकी स्वतः नैराश्यातून जात असते आणि एका अनोळखी, मोडून पडलेल्या मुलाला घरी घेऊन येते. राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालेला हा सिनेमा उपचाराबद्दल आरडाओरडा न करता बोलतो.

पुरुषांना बोलवावं का? बोलवावं. फक्त पहिला बोलणारा पुरुष नसावा, एवढा नियम पाळा.

१०. घरातून सभागृहात जायचं असेल तर

दहाबारा ओळखीच्या लोकांनी घरी पाहणं वेगळं आणि जाहीर खेळ वेगळा. हुतात्मा स्मृती मंदिर किंवा फडकुले सभागृहात दाखवायचा विचार असेल तर आपल्या खात्यावरून प्लॅटफॉर्म उघडून चालत नाही. ते सदस्यत्व घरापुरतं असतं, तिकीट नसलं तरीही. हे जमवा:

- हक्कधारकाची (निर्माता किंवा वितरक) जाहीर प्रदर्शनासाठी लेखी परवानगी, तारीख आणि ठिकाणासह
- सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत. ‘ए’ असेल तर दारावर वयाचा पुरावा पाहायला माणूस
- सभागृहाच्या आरक्षणाची पावती
- आयोजक संस्थेचं पत्र

नेहमी करायचं असेल तर फिल्म सोसायटी काढलेली बरी. संस्थेची नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते. घटना, कार्यकारिणीची यादी, सभासदांचे ओळख आणि पत्त्याचे पुरावे, जागेच्या मालकाचं संमतीपत्र तयार ठेवा. मग फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाकडे सदस्यत्वासाठी अर्ज करा. १९५९मध्ये ती स्थापन झाली तेव्हा सत्यजित रे अध्यक्ष होते. परदेशी सिनेमे कसे मिळवायचे हे तिथल्या जुन्या लोकांना विचारलेलं बरं. नोंदणीला वेळ लागतो, तोवर एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा वाचनालयाच्या नावाखाली सुरुवात करता येते.

एकदा पुण्याला जाऊनच या. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली की संध्याकाळच्या गाडीने परतता येतं. लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्याच रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट. तिथल्या चित्रपट-आस्वाद वर्गाची जाहिरात लक्षात ठेवून पाहत राहा. पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव बहुधा जानेवारीत असतो, म्हणजे नेमका आपल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास. नंदीध्वजाच्या दिवसांत सोलापूर सोडायला घरचे तयार होत नाहीत, तेव्हा तारखा लागल्या लागल्या बोलून ठेवा आणि नोंदणी करून टाका.